अडणारा घोडा : चार महिन्यांच्या नोंदी

खऱ्या मापाचा, वेताचा, तीन माणसांनी चालवायचा घोडा आम्ही ग्वाल्हेरात एका मराठी नाटकासाठी बांधला. असा घोडा आणखी कुणाला करायचा असेल तर निदान आमच्याच चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून देते आहे. नेपथ्य माझ्याकडे असतं. सुतारकाम मला येतं, घोड्यांचं काही येत नव्हतं.

९ फेब्रुवारी

बैठक झाली. नाटक १८ जूनला, राणी लक्ष्मीबाईंच्या पुण्यतिथीला. (१७ की १८ यावर जुन्या नोंदींत एकमत नाही. आपलं गाव १८ पाळतं, तेव्हा वाद नको.) १८५८ च्या जूनची पहिली तारीख, म्हणजे ग्वाल्हेर हाती आलं तो दिवस, ते स्वर्णरेखा नाला, एवढाच काळ. आमचे दिग्दर्शक दादा म्हणाले, शेवटच्या प्रवेशात घोडा हवाच. खरा घोडा आणायचा तर खेळात प्राणी वापरायच्या २००१ च्या नियमांचे कागद, त्यावर रंगमंचाच्या लाकडी फळ्या आणि वर दिवे. तो विषय पाच मिनिटांत संपला.

घोड्यासाठी बारा हजार मंजूर. मी "होईल" म्हणाले. हा आकडा लक्षात ठेवा.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस वाया गेला, पण बरं झालं. आमच्या लेखकाने घोड्याला दीड पानाचं स्वगत दिलं होतं. वाचताना सुंदर वाटलं. मग मंचावर एकाने घोड्याच्या जागी उभं राहून ते म्हटलं, आणि तिसऱ्याच वाक्याला मागे बसलेल्या बायका हसायला लागल्या. कागदावर घोडा बोललेला चालतो, तोंडासमोर बोलला की इसापनीती होते.

मायकेल मोर्पुर्गोंच्या १९८२ च्या 'वॉर हॉर्स' या पुस्तकात पहिल्या महायुद्धातला घोडा स्वतःच गोष्ट सांगतो. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ मध्ये त्याचं नाटक केलं तेव्हा त्याची वाचा काढून घेतली आणि केपटाऊनच्या हँडस्प्रिंग मंडळीकडून वेताचा घोडा करून घेतला. डोक्याशी एक माणूस, पोटात दोन. २०११ च्या सिनेमात खरे घोडे आले. आम्हाला मधला रस्ता बरा. स्वगत कापलं. लेखक दोन दिवस बोलला नाही.

कापताना एक वाक्य मात्र मी वहीत उतरवून घेतलं, कारण सगळं नाटक त्यावर उभं आहे: घोडा नवा होता. सुभद्राकुमारी चौहानांच्या कवितेत तेच आहे, इथल्या शाळांतल्या प्रत्येक पोराला पाठ. राणीचा आधीचा घोडा शंभर मैल पळून काल्पीला कोसळला, आणि ग्वाल्हेरचा नवा घोडा नाल्यापाशी अडला. हा घोडा शिंद्यांच्या पागेतला, असंही सांगतात.

२ मार्च

सकाळी फूलबागेत राणीच्या समाधीपाशी जाऊन आले. भा. रा. तांबे इथलेच राजकवी. या समाधीवरच्या त्यांच्या कवितेत जाणाऱ्याला इथे थांब म्हटलंय. आमच्या घरी आजी ती म्हणायची. नालाही पाहिला. आज तो सिमेंटच्या भिंतींमधून वाहतो, वास येतो. घोडा कशाला अडेल हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

परतताना मनात एक यादी झाली. चेतक जखमी पायाने ओढा उडी मारून गेला आणि पलीकडे पडला. हळदीघाटची लढाईही १८ जूनचीच, १५७६. आपल्या महादजी शिंद्यांची घोडी पानिपतावरून पळताना खड्ड्यात पडली, मागून आलेल्या अफगाण स्वाराने पायावर घाव घातला, पाय जन्माचा अधू झाला. राणेखान भिस्त्याने बैलावर घालून नेलं म्हणून वाचले. एक घोडा उडाला, एक पडला, एक थांबला. पहिल्याची छत्री आहे, शाळेत कविता आहे. दुसरीला कुणी दोष देत नाही. तिसऱ्यावर राग. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "काकू, आधी पाय बांधा."

८ मार्च

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. साडेतीन दिवस खर्ची. कामटी वाकते, पण सोडली की हळूहळू सरळ व्हायला बघते. रात्री मानेचा बाक ठीक होता, सकाळी जिराफ. पाठीचा कणा म्हणून लोखंडी पाइप घातला आणि सगळं वजन सतरा किलो झालं, त्यात डोकं नाहीच. थर्मोकोलचं डोकंही एक केलं होतं, ते पहिल्याच दिवशी दाराला आपटून जबडा गेला.

बांबू, पाइप, थर्मोकोल आणि मजुरी मिळून ५,३०० रुपये पाण्यात. जवळजवळ निम्मं बजेट, आणि हातात एक जिराफ.

१६ मार्च

खुर्च्या विणणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी बांबूकडे बघितलंसुद्धा नाही. वेत घ्या म्हणाले. २६० रुपये किलो, पंधरा किलो लागला. रीत अशी: वेत रात्रभर पाण्यात, सकाळी गॅसच्या ज्योतीवर फिरवत शेकायचा, वाकवायचा आणि फळीवर ठोकलेल्या खिळ्यांमध्ये अडकवून पूर्ण वाळू द्यायचा. मग तो बाक मोडत नाही. घाई केली की करपतो, माझे पहिले चार तुकडे करपले.

सांधे मी फेविकॉल आणि सुतळीने बांधत होते. चाचांनी ते सोडायला लावले. ओल्या वेताच्या सालीने घट्ट गुंडाळा, वाळताना ती आपोआप आवळते. एवढं एक वाक्य मला फेब्रुवारीत कुणी सांगितलं असतं तर!

२९ मार्च

कणा आता अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचा. गल्लीतल्या वेल्डरने हात वर केले, अ‍ॅल्युमिनियमला त्याचं साधं वेल्डिंग बसत नाही. दुसरीकडे करून घ्यायला जास्त पैसे, म्हणून फक्त चार सांधे वेल्ड आणि बाकी नटबोल्ट. नटांना रबरी वायसर घालाच, नाहीतर चालताना खडखडतात आणि घोडा भांड्यांच्या पोत्यासारखा वाजतो. दोन जुन्या ट्रेकिंगच्या सॅक १,४०० ला घेऊन त्यांचे कमरपट्टे आत बसवले, म्हणजे भार खांद्यावर न येता कमरेवर येतो. एकूण वजन तेरा किलो.

५ एप्रिल

सगळ्यात लाजिरवाणी चूक. मागचे पाय उलटे.

मी माणसाचा गुडघा डोक्यात ठेवून बांधले होते, पुढे वाकणारे. घोडा चालायला लागला की खुर्चीवर बसायला निघाल्यासारखा दिसे. तीन तालमी कुणालाच कळेना काय चुकतंय. शेवटी लग्नाला घोडी देणाऱ्या भैयांना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, "ये तो आदमी है।" मागच्या पायाचा तो मागे वळलेला सांधा म्हणजे घोड्याची टाच. गुडघा खूप वर, पोटाशी. पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणजे खरं तर मनगट. दोन्ही मागचे पाय सोडून नव्याने बांधले, सहा दिवस गेले.

चालही चुकत होती. आमचा घोडा कदम चालीतसुद्धा (साधं चालताना) तिरप्या जोडीचे पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकदम टाकत होता, म्हणजे दुडकी. कदम चालीत चार ठोके येतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडकीत दोन. पोटातली दोन मुलं आता गल्लीतही अशीच मोजत चालतात. त्यांची नावं गेली, सगळे त्यांना 'पुढचे पाय' आणि 'मागचे पाय' म्हणतात. मान माझ्या भाचीकडे.

१२ एप्रिल

श्वास. उभा घोडा मिनिटाला साधारण बारा श्वास घेतो. पोटातल्या दोघांनी गुडघे किंचित मोडून सांगाडा वर-खाली करायचा, एवढंच. पळून आल्यावर भाची घोड्याचं तोंड उघडून धापा टाकायची, ते भैयांनी थांबवलं. घोडा तोंडाने श्वास घेतच नाही, फक्त नाकाने. म्हणून आता जबडा बंद, नाकपुड्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबचा पातळ पडदा आणि आत भाचीचं फुरफुरणं.

गल्लीतला कुत्रा महिनाभर या सांगाड्याजवळून टांग वर करून जात होता. श्वास सुरू झाल्यापासून भुंकतो.

२० एप्रिल

राणी चढवली. आमची राणी चव्वेचाळीस किलोची, घोडा तेरा, म्हणजे दोघांवर सत्तावन्न. पुढचे पाय एकवीस वर्षांचे आहेत, मागचे पाय बँकेत कारकून, वय बेचाळीस. पहिल्यांदा चार मिनिटं फिरवलं आणि मागच्या पायांची पाठ धरली. नऊ दिवस रजा. दोष माझा, मी घड्याळ लावायला हवं होतं.

आता नियम: राणी दोनदाच घोड्यावर, दोन्ही मिळून एका मिनिटाच्या आत. बाकी वेळ ती लगाम धरून बाजूने चालते. सिनेमातही काही वेगळं नसतं. २०१९ मध्ये याच राणीवरच्या सिनेमातल्या यांत्रिक घोड्याचं चित्रण सगळ्यांनी फोनवर पाहिलं, हसले. मला तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही.

२७ एप्रिल

काल रात्री एका वरातीत गेले. आमंत्रण नव्हतं. भैयांची घोडी बघायला गेले होते.

कंपू भागातल्या रस्त्यावर पाण्याचा टँकर गळला होता. डांबरावर पाणी, त्यात वरातीच्या दिव्यांची चमक. घोडी अडली. मी वही काढली. आधी दोन्ही कान पुढे, टोकदार. मान एकदम वर. पुढचे पाय रोवले, पण मागचे पाय थांबले नाहीत, ते आणखी अर्धं पाऊल आत आले आणि पाठ कमानीसारखी झाली. मग वजन मागे गेलं. मग नाक खाली, पाण्याकडे, मान तिरकी. एक कान तसाच पुढे, दुसरा मागे, भैयांच्या आवाजाकडे.

नवरदेवाचा मामा ओरडत होता, मारा म्हणून. भैयांनी मारलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं: घोड्याचे डोळे बाजूला असतात, जवळजवळ चहूकडचं दिसतं पण नाकाच्या अगदी पुढचं आणि खालचं दिसत नाही. पाणी घोटाभर आहे की पुरुषभर, हे त्याला मान खाली घालून, हुंगून, पाय लावून ठरवावं लागतं. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर तो न बघताही जातो, नवख्याच्या नाही. त्यांनी घोडीला गोल फिरवलं, तिरकं आणलं, हुंगू दिलं. दोन मिनिटांत पार.

वरातीत दोन मिनिटं मिळतात.

४ मे

गेले तीन महिने आम्ही घोडा पळवायला शिकत होतो. थांबवायला कुणी शिकलंच नव्हतं. आज पहिल्यांदा नाल्यापाशी थांबून बघितलं तर चारही पाय एकदम थांबले, भिंतीला सायकल आपटावी तसे. आता ठोके ठरवले: पुढचे पाय एकवर, मागचे तीनवर, वजन मागे पाचवर, नाक खाली सहापासून. मागचे पाय म्हणाले, "मला पुढचं काही दिसत नाही, तीन कधी झाले कळणार कसं?" पुढच्या पायांच्या पट्ट्याला एक नाडी बांधून ती मागच्याच्या मनगटाला दिली. ओढ लागली की मोजायला सुरुवात. आख्ख्या घोड्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट.

१७ मे

ऊन. दुपारी तालीम अशक्य, म्हणून पहाटे साडेपाचला. तरीही वेत कोरडा पडून तडकतोय. बरगडीचे तीन तुकडे गेले. रोज रात्री ओलं गोणपाट टाकते.

कातडं म्हणून आधी जाड कॅनव्हास लावला होता. दोन कारणांनी काढला: आत पुढच्या पायांना घेरी आली, आणि बाहेरून घोडा बोहारणीच्या गाठोड्यासारखा दिसत होता. आता मच्छरदानीचं कापड, चहाच्या पाण्यात रंगवलेलं, तेही फक्त पाठीवर आणि मानेवर. बरगड्या उघड्या. आतली माणसं दिसतात. दादांना ते खटकत होतं. मी म्हटलं, झाकायची तर दोघांना एकेक पंखा द्या. मिटलं.

२४ मे

कान. पुठ्ठ्याचे केले, घामाने लोंबले, गाढव झालं. आता जुन्या पर्सच्या चामड्याचे. प्रत्येक कानाला सायकलच्या ब्रेकची तार आणि भाचीच्या मुठीत ब्रेकचा दांडा, दोन्ही कान वेगवेगळे हलतात. खर्च ४८०. तार मानेच्या बाकात अडकत होती. तिचं वळण मोठं ठेवा, शिवणयंत्राचं तेल घाला, आणि कान परत उभा राहायला ट्यूबची पट्टी लावा. स्प्रिंग लावली तर कान टाळी वाजवतो.

७ जून

भांडण झालं. संहितेत एका शिपायाच्या तोंडी वाक्य होतं: "अडेलतट्टू निघालं!" तालमीत त्यावर हशा मिळायचा, म्हणून सगळ्यांना आवडायचं. मी कापा म्हटलं. ऐन तेव्हा प्रेक्षक हसला की उरलेलं सगळं घोड्याच्या माथी. दादांचं म्हणणं, शब्द मराठीच आहे, मी थोडाच बनवला. खरं आहे. खोगीरभरतीपासून अडेलतट्टूपर्यंत आपण घोड्यांबद्दल जे बोलतो ते स्वाराच्या बाजूनेच. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, विचारून कुणी म्हणी केल्या नाहीत.

दुसरा वाद थांबण्याच्या लांबीवर. दादांना तीन सेकंद हवे होते. मी वीस मागितले. घड्याळ लावून करत गेलो. तीनमध्ये घोडा चुकतो. वीसमध्ये राणी वाट बघत बसलेली दिसते. अकरा सेकंदांत असं झालं की घोड्याचं नाक पाण्याला टेकायला आलंय, आणखी दोन सेकंद मिळाली तर हा जाईल, आणि तेवढ्यात मागून टापा येतात. (करवंट्या. आत कापड कोंबून, नाहीतर लावणीचा ताल वाटतो.) अकरा ठरलं. शिपायाचं वाक्यही गेलं.

१५ जून

नाटकगृहातली रंगीत तालीम. नाला म्हणून निळं कापड टाकलं होतं, ते गालिच्यासारखं दिसलं. बदलून काळी प्लास्टिकची ताडपत्री, वरून एकच तिरका दिवा. चमक आली. टँकरचं पाणी आठवलं.

पुढच्या पायांचा बूट त्या प्लास्टिकवर घसरला, राणी वर असताना. पडली नाही, पण मी खुर्चीतून उठले होते. बुटांच्या तळाला सँडपेपर चिकटवला.

१८ जून

प्रयोग झाला. पहिल्या प्रवेशात उजवा कान अडकला, भाचीने मान झटकून सोडवला, ते उलट छान दिसलं. नाल्याच्या वेळी घोडा एकवर, तीनवर, पाचवर बरोबर थांबला. कुणी हसलं नाही. मी आतून मोजत होते, अकराच्या जागी बारा झाले.

भैया शेवटच्या रांगेत होते, लग्नाचा काळा कोट घालून. नंतर मागे आले, घोड्याच्या मानेवर हात फिरवला, कान दोनदा हलवून बघितले, आणि म्हणाले, "बाकी सब ठीक। पूँछ झूठ बोल रही है।" घाबरलेला घोडा शेपूट खाली दाबून पायांत घेतो. आमची मस्त झुलत होती, सगळा वेळ.

२१ जून

हिशोब, रुपयांत. वेत ३,९००. अ‍ॅल्युमिनियम आणि वेल्डिंग ४,६५०. सॅक १,४००. तारा-दांडे ४८०. मच्छरदानी, चामडं, कॅनव्हास, किरकोळ २,२७०. टेम्पो १,८००. वाया गेलेलं ५,३००. एकूण १९,८००, मंजूर बारा हजार. बांबूच्या नादी लागले नसते तरी अडीच हजार वर गेलेच असते. वेळ: माझे चार महिने, रविवार धरून. त्यांतले निदान अडीच आठवडे बांबू, उलटे पाय आणि मागच्या पायांची पाठ यांत गेले.

घोडा सध्या आमच्या गच्चीच्या जिन्यात उभा आहे, दारातून आत जात नाही. आधी दाराचं माप घ्या.

पुढचा प्रयोग ऑगस्टात. शेपटीला तिसरी ब्रेकची तार लावायची आहे. दांडा मागच्या पायांच्या डाव्या हातात द्यावा लागेल, उजव्या मनगटाला नाडी आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.